आरपार दोरा

कारखान्यात त्यांना सगळे दोरेकाका म्हणत. मेण लावून ताठ केलेला दोरा एका नाकपुडीतून घालायचा, दुसरीतून बाहेर काढायचा आणि दोन्ही टोकं धरून मागेपुढे ओढायचा, ही त्यांची करामत. जेवणाच्या सुट्टीत नवा माणूस दिसला की मंडळी त्यांना भरीला घालत आणि काकाही आढेवेढे न घेता खिशातून रीळ काढत. नवखा आ वासून बघत राही. काकांच्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडलं होतं. ज्याचा दोरा आरपार जाईल तोच पक्का कारागीर, असा त्या खात्यात रिवाजच पडला होता. नाक झिजलं की मान वाढायचा, असली ही अजब तऱ्हा.

नळ आणि दाराच्या मुठींना क्रोमचा मुलामा चढवून चकचकीत करायचं ते खातं. टाकीत तांबडं-नारिंगी क्रोमिक आम्ल. वीज सोडली की त्यातून बारीक बुडबुडे उठत आणि वर येऊन फुटताना आम्लाचे तुषार हवेत उडवत. टाकीवर वाकलेला माणूस श्वास तर घेणारच. ते तुषार नाकातल्या ओल्या पडद्यावर बसतात आणि तो हळूहळू खाऊन टाकतात. फारसं दुखतही नाही. दुखलं असतं तर माणसं वेळीच बोंबलली असती. हेच विष पुढे फुप्फुसात कॅन्सरही करू शकतं, पण ते त्यांना सांगणार कोण?

टाकीच्या काठाला हे तुषार ओढून घेणारा पंखा बसवलेला होता. तो वीज फार खातो म्हणून कायम बंद. त्याच्या बदल्यात माणशी एक पेला दूध मिळे. "दूध प्या, विष उतरतं," असं मॅनेजर तोंड वर करून सांगत. दूध जातं पोटात आणि आम्ल बसतं नाकात, हे काय त्यांना कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

काकांची मुलगी आधी पॅकिंगला होती. यंदा तिला टाकीवर घेतलं. एकदा जेवताना तिने नाक पुसलं, तर रुमालावर रक्ताचा ठिपका.

"खपली धरतेय, बाबा," ती हसत म्हणाली. "आता माझाही दोरा जाईल बघा."

काकांचा घास हातातच राहिला. "उद्यापासून टाकीवर जायचं नाही."

"मग तुम्ही कसे जाता?"

ज्या भोकावर आयुष्यभर टाळ्या घेतल्या, त्याची त्यांना किळस आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मॅनेजरांकडे गेले आणि पंखा लावा म्हणाले.

"तुम्हाला कुठे काय झालंय, काका? चांगले ठणठणीत आहात," मॅनेजर म्हणाले. "लोकांना नाकात बोटं घालायची खोड असते, त्याला आम्ही काय करणार?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मुलीची नोकरी आठवून ते तसेच टाकीवर परतले.

त्याच आठवड्यात सरकारी तपासणीच्या बाई आल्या. त्या दिवशी मात्र पंखा जोरात घरघरत होता.

"रोज चालतो?" बाईंनी विचारलं.

"रोज. एकाची तक्रार नाही," मॅनेजर म्हणाले.

काकांनी रीळ काढलं आणि बाईंसमोर दोरा आरपार ओढून दाखवला. सवयीने हसायला निघालेली तोंडं मिटली. मग शेजारच्याने रीळ मागून आपला तुकडा तोडला. त्याचाही दोरा गेला. त्याच्या पलीकडच्याचाही गेला.

"खेळ आहे हा त्यांचा," मॅनेजर म्हणाले.

"खेळच आहे, साहेब," काका म्हणाले. "पंखा बंद करा आणि उभे राहा टाकीवर. तुम्हालाही जमेल."

तेवढ्यात रीळ मुलीच्या हातात गेलं. तिला अडवावं असं काकांच्या मनात आलं, पण हात उचलवेना. तिने दोरा घातला. अडला. पुन्हा घातला, पुन्हा अडला.

"जात नाही, बाबा," ती ओशाळून म्हणाली, जणू नापासच झाली होती.

काकांना रडू आवरेना. त्यांनी तिच्या हातातलं रीळ काढून घेतलं आणि बाईंना म्हणाले, "लिहा. हिचा अजून जात नाही, हे आधी लिहा."

मग त्यांनी भिंतीपाशी जाऊन टाकीची वीज बंद केली, आणि ती परत लावायला कोणीच पुढे आलं नाही.