काहिलीतला सराव

कोणी वाचलंच तर माफ करा. मी चौथीच शिकलेली, शुद्धलेखन कच्चं, अक्षर गिचमिड.

लॉकडाऊनमध्ये शाळेच्या शर्यतीच्या होड्या कुलपात होत्या. सर लेकीला फोनवरून म्हणायचे, "घरीच वल्ह्याचा सराव कर."

एकदा कृष्णेवर धुणं धुताना मी वर पाहिलं आणि हातातली चादर वाहून गेली. गुऱ्हाळातली गूळ शिजवायची लोखंडी काहील भर पाण्यात गरगरत होती आणि आत बसून माझी लेक फळीनं वल्हवत होती.

"अगं, माघारी फिर!"

"आई, महापुरात समदी माणसं हिच्यातनंच भाईर आली की!"

तेवढ्यात काहील कलंडली. लेक पोहत आली. काहील डोहात गेली.

गुऱ्हाळवाले म्हणाले, "पोरगी वाचली न्हवं, वैनी?" तरी दोन हंगाम तिथं राबून मी काहिलीचे सगळे पैसे फेडले.