पुष्पाचा आकडा

माझी लेक माझ्याशी खोटं बोलली का, हे मला अजून माहीत नाही.

आणि ते कळायची सोय मीच मोडली.

आज पुष्पाची तिथी. काल नातीने विचारलं, "आजी, शेवटी आईला खूप दुखलं का गं?" आई गेली तेव्हा मनू चार वर्षांची होती. तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. चौथी शिकलेली बाई आहे, चुका काढत बसू नका.

सिंहस्थ संपला त्याच्या पुढचं वर्ष. पुष्पाला कॅन्सर, हाडात उतरलेला. देवळ्याहून, तिच्या सासरहून, मी तिला पंचवटीत माझ्याकडे आणलं.

गोळ्या चालू होत्या. पुरत नव्हत्या. दुपारी कमरेतून कळ निघाली की ती उशीचा कोपरा चावायची. ओरडायची नाही, मनू घाबरेल म्हणून.

नवस झाले, अंगारे झाले. एका बाबाकडेही गेले. त्याला कोंबडं हवं होतं. म्हटलं, कोंबडं काय तिची कंबर चेपून देणार?

मग कळलं, हॉस्पिटलात एक डॉक्टरीणबाई संमोहनाने दुखणं कमी होतं का, याचा रिसर्च करतात.

मी पहिलं हेच विचारलं, डोळ्यांपुढे लोलक हलवता का. त्या म्हणाल्या, जादू नाही, झोपही नाही. बोलून बोलून मन एका जागी असं न्यायचं की दुखणं मागे पडतं. बाहेरच्या देशांत तपासलंय, आपल्या माणसांवर तपासायचंय. गोळ्या मात्र थांबवायच्या नाहीत.

चिठ्ठ्या टाकून दोन ग्रुप. एकाला आत्ता, दुसऱ्याला तीन महिन्यांनी. दोघांनी रोज आकडा लिहायचा, किती दुखतं त्याचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही.

पुष्पाची चिठ्ठी तीन महिन्यांवाली निघाली.

मी पाया पडले त्यांच्या. म्हटलं, "बाई, तीन महिने तिच्याकडे नाहीत."

त्यांनी मान खाली घातली. एक चिठ्ठी बदलली तर सगळाच अभ्यास खोटा, म्हणाल्या.

मग मी चोरी केली.

दर मंगळवारी आकड्यांचा कागद द्यायला जावं लागायचं. खोलीचं दार पातळ प्लायवूडचं. आत बाई पहिल्या ग्रुपच्या पेशंटशी बोलायच्या, मी बाहेर बाकड्यावर कान देऊन. वाचायला मला वेळ लागतो, पण श्रावणातल्या सगळ्या कहाण्या तोंडपाठ आहेत. दोन मंगळवारांत हेही पाठ झालं.

फक्त शेवट राहिला. दोन्ही वेळा शिपायाने मला तिथून उठवलं.

बाईंच्या बोलण्यात समुद्र होता. पुष्पाने समुद्र पाहिलेला नाही. म्हटलं, तुझ्या सासरच्या कांद्याच्या चाळीत जाऊ, गार असतं.

"तिथे नको गं आई. तिथे सासू असते."

म्हणून मनानेच गंगेच्या, आमच्या गोदावरीच्या, घाटावर नेलं. दहा पायऱ्या, एकेक श्वासाला एकेक. शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात. उजवा हात पाण्यात. हात गार पडतोय, बधिर होतोय. आता तोच हात कमरेवर ठेव.

चेहरा सैल पडला तिचा. कितीतरी दिवसांनी.

आता परत कसं आणायचं? मी घाबरले. तोंडात आलं ते म्हटलं, जे प्रत्येक कहाणीच्या शेवटी म्हणते. सुफळ संपूर्ण.

तिने डोळे उघडले. म्हणाली, "पाय ओले झाले गं."

म्हटलं, "मग पुसून घे."

त्या दिवशी ती हसली. मग रोज दुपारी मी तेच करायचे. मीच विचारायचे किती, आणि मीच कागदावर लिहायचे. नऊचे सात झाले. सातचे पाच.

पुढच्या मंगळवारी पुष्पालाही बरोबर नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि पुष्पाला विचारलं, घरी काही वेगळं केलं का. पुष्पाने माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं.

"मावशी, तुम्ही माझा अभ्यास बिघडवलात."

"तुमचा अभ्यास बिघडला. माझी लेक चाललीय."

त्यांनी पुष्पाचं नाव खोडलं. मग दार लावून मला सगळं नीट शिकवलं. परत आणताना पाच आकडे मोजायचे. पुष्पा म्हणाली, मला कहाणीवालंच बरं.

निघताना मी विचारलं, पण तिचं दुखणं खरंच कमी झालंय ना?

बाई म्हणाल्या, "आता मला ते सांगता येणार नाही. परक्याला माणूस नऊ सांगतो. आईला पाच सांगतो. म्हणून तर एवढा खटाटोप करतो आम्ही."

ते वाक्य माझ्या उरावर बसलंय.

शेवटच्या दुपारी दहा पायऱ्या उतरवल्या. हात कमरेवर ठेवायला सांगितला, तो तिला उचलेना. मीच उचलून ठेवला. विचारलं, किती?

तिने एक बोट दाखवलं.

त्या दिवशी मी शेवट म्हटला नाही. म्हटलं, बसू दे पाण्यात पाय सोडून. संध्याकाळी गेली. मी शेवट म्हटला नाही म्हणून गेली नाही, एवढी अक्कल आहे मला. कॅन्सरने गेली.

नंतर तिची उशी पाहिली. एक कोपरा पार चावलेला. घाटावर न्यायच्या आधीचा की नंतरचा, कळत नाही. उलटीपालटी करून खूप वेळा पाहिली. नाही कळत.

तेव्हा मनू, दुखलं तुझ्या आईला. किती, ते तिलाच ठाऊक. मला तिने एक सांगितलं.

पुष्पे, खरं काय ते आता विचारत नाही.

राहिलेलं तेवढं म्हणते. सुफळ संपूर्ण.

पाय पुसून घे.