दसऱ्याच्या सकाळचं माप

नांदेडला आमच्या काकांचं बंदूक-दुरुस्तीचं परवान्याचं दुकान आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी तिथेच कामाला बसले. चार बुकं शिकलेल्याला जी घमेंड असते, ती माझ्यात काठोकाठ होती.

दसऱ्याच्या सकाळी उदगीरकडचे एक म्हातारे जमीनदार रिव्हॉल्व्हर घेऊन आले. पूजेत चमकावं म्हणून त्यांनी त्यावर हैदराबादेत निकेल चढवून आणलं होतं. निकेल आतही चढतं. सिलिंडरच्या सहा घरांची तोंडं त्याने आवळली, तर गोळी अडते, दाब वाढतो आणि जुनं लोखंड हातातच फुटतं. म्हणून मोजणं भाग होतं.

"आधी शिशाची गोळी बोटानं ढकलून बघ," काका म्हणाले. "अडली तर लगेच समजतंय."

"काका, मायक्रोमीटर आहे की."

तोंडात होल गेज घालायचं, कडेला अलगद टेकेपर्यंत उघडायचं, बाहेर काढून मायक्रोमीटरमध्ये धरायचं. सहाही मापं बरोबर आली. मी आकडे लिहून दिले. काकांनी शिशाची गोळी परत खणात ठेवली. ते मला खटकलं, पण मी म्हाताऱ्यांना जाऊ दिलं.

दुपारी मायक्रोमीटर डबीत ठेवताना त्याच्या जबड्यात लाल दिसलं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, काकांनी प्रत्येक हत्याराला तेलात कालवलेलं कुंकू लावलं होतं. पूजलेलं हत्यार पुसायचं नाही, कुंकू आपोआप झडू द्यायचं, ही आमच्या घरची रीत. मी तसंच उचललं होतं, आणि जबडे मिटवून शून्य येतं का, तेही तपासलं नव्हतं. कुंकवाचा तो थर प्रत्येक मापात मिसळला होता. अरुंद तोंडं मी रुंद लिहून दिली होती. मी लगेच फोन लावला.

म्हाताऱ्यांचा फोन त्यांच्या सुनेने उचलला. "मामा शेतात गेलेत. फोन घरीच ठिवलाय. चालवून बघतो म्हणले."

"पळत जा. त्यांना थांबवा."

ती फोन हातात घेऊनच धावली. मला तिच्या चपलांचा आवाज येत होता. मग लांबून एक धडाका आला, आणि चपला थांबल्या.

महिन्याभराने म्हातारे दुकानात आले. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती.

"पोरी, जिवाला लावून घेऊ नगं," ते म्हणाले. "तुझं माप बराबर व्हतं. लोखंडच जुनं."

काका माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हो, जुनंच होतं."