चौदाव्या भागातला आवाज

भिला पाटील ऊर्फ आप्पा एकतीस वर्षे वीज खात्यात लाइनमन होते. टेस्टर लावल्याशिवाय त्यांनी कधी तारेला हात लावला नाही. निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी लोणखेड्याच्या घरातून बाहेर पडताना टेस्टर शर्टाच्या खिशात असतोच.

मागच्या जानेवारीत ते लागोपाठ चार दिवस शहाद्याला अझरुद्दीनच्या दुकानात गेले. अझरुद्दीन पूर्वी सीडी भाड्याने द्यायचा, आता मोबाईल दुरुस्त करतो. जुन्या मालातला एक डबा त्याच्याकडे उरला होता. जपानी कार्टून मालिकेचा पहिला सीझन, सव्वीस भाग, सहा डिस्क. सुरतचा एक हौशी संग्राहक तो घ्यायला तयार होता. त्याची अट एकच, सील फोडलेलं नको.

आप्पांना कार्टूनशी देणंघेणं नव्हतं. त्यांची मुलगी काजल मुंबईत डबिंग करायची. या मालिकेच्या चौदाव्या भागात ओस पडलेल्या शाळेच्या विहिरीतून एका बुडालेल्या मुलीचा आवाज येतो. मुलगी दिसत नाही, फक्त बोलते. हिंदीत तो आवाज काजलने दिला होता. एका ठिकाणी कागदावर ‘हे भगवान’ लिहिलेलं होतं आणि तिच्या तोंडून घरच्या अहिराणीतलं ‘ओ माय वं!’ निघून गेलं. स्टुडिओत सगळे हसले, पण तसंच ठेवलं. हे तिनेच फोनवर सांगितलं होतं. भाग संध्याकाळी साडेपाचला टीव्हीवर लागला, आप्पा आणि त्यांची बायको शीलाबाई, दोघांनी ऐकला. पाच महिन्यांनी काजल काविळीने गेली. तेवीस वर्षांची होती. त्या धावपळीत तिचा फोन हरवला. घरात तिचे फोटो आहेत, आवाज नाही.

इंटरनेटवर मालिका सापडते, पण तिची हिंदी नंतर पुन्हा केलेली आहे. विहिरीतून दुसरीच कुणी ‘हे भगवान’ म्हणते. डब्यात जुनी हिंदी आहे की नवी, एवढंच ठरवायचं होतं, आणि तेही डबा न उघडता.

अझरुद्दीनने मोबाईल दुरुस्तीचं भिंग डब्याच्या पाठीवर धरलं.

“साल जुनं शे आप्पा. नवी हिंदी मांगून व्हयनी. पन डबा जुना नि डिस्क नवी, असं बी मी देखेल शे.”

“मंग पक्कं काय?”

“पक्कं काहीच नही. अजून एक. टीव्हीवर भाग बावीस मिनिटना व्हता, आठे डबावर चोवीस लिखेल शे.”

आप्पांनी डबा उलटा केला, सुलटा केला, कानाजवळ नेऊन हलवला.

“आप्पा, डबा शे, खांब नही. टेस्टर कोठे लावशात?”

आप्पा डबा ठेवून घरी गेले.

घरी शीलाबाई रोज साडेपाचला हातातलं काम टाकून बंद टीव्हीसमोर बसत. काजल गेल्यापासूनचा हा नेम. त्या वेळी घरात कुणी मिक्सर लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. पाचव्या दिवशी त्या स्वतः दुकानात आल्या.

“अझरभाई, फोड.”

आप्पा म्हणाले, “ती नही निंघनी तं?”

“नही निंघनी तं नही निंघनी. आते तरी कोठे शे?”

अझरुद्दीनने ब्लेडने सील कापलं. सुरतचं गिऱ्हाईक तिथेच संपलं. त्याच संध्याकाळी तो दुकानातला शेवटचा चालू प्लेअर घेऊन लोणखेड्याला आला.

चौदावा भाग लागला. अकराव्या मिनिटाला विहीर आली आणि काजल बोलली. शीलाबाईंनी गुडघ्यांवर हात ठेवले. आप्पा हलले नाहीत. त्यांची खूण अजून यायची होती.

मग वाक्याच्या मध्येच काजल थांबली आणि विहिरीतून भलतीच मुलगी जपानीत बोलू लागली.

“हाई कोन?” शीलाबाई उठल्याच. “पोर कोठे गयी?”

“काकू, बसा,” अझरुद्दीन म्हणाला. “टीव्हीवाल्यास्नी हाऊ तुकडा कापेल व्हता. त्यानी हिंदी कधी व्हयनीच नही. जास्तीना दोन मिनिटंमातला हाऊ एक.”

तुकडा संपला. विहिरीतून आवाज आला, “ओ माय वं!”

आप्पांनी मान खाली घातली. डब्याचे आणि प्लेअरचे पैसे त्यांनी तेव्हाच दिले.

आता रोज साडेपाचला भाग लागतो. जपानी तुकडा एकेचाळीस सेकंदांचा आहे, आप्पांनी मोजला आहे. पहिल्या आठवड्यात शीलाबाई त्या वेळी गप्प बसायच्या. मग बोलू लागल्या. लेक गप्प झाली की त्या तिला घरातलं सांगतात. कोण आलं, कुणाचं लग्न ठरलं. एकेचाळीस सेकंदांत मावेल एवढंच, भरभर. आणि दरवेळी शेवटी उत्तर येतं. लग्नाला ते शोभत नाही, कधी कधी मात्र बरोबर बसतं.

मागच्या सोमवारी त्यांनी सांगितलं, “म्हैस व्यायनी माय. पारडू मरी गयं.”

“ओ माय वं!” विहिरीतून आवाज आला.

आप्पा उठले. त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि टीव्हीच्या प्लगात वीज आहे का, ते तपासलं.