वहीतली चार-दहाची नोंद

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. पुण्यात एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शन करतो, मोजल्याशिवाय काही मान्य करत नाही. ग्रुपवर कुणी भुताचा किस्सा टाकला की खाली खवचट कमेंट माझीच असायची. आता खुशाल माझ्यावर करा.

बाबा तरुणपणी माथेरानच्या छोट्या गाडीवर ब्रेक्समन होते. घाट उतरताना इंजिनाने शिट्टी दिली की प्रत्येक डब्यावरचा माणूस हाताने चाक फिरवून ब्रेक आवळतो, ते काम. पुढे ते सोडून मार्केट यार्डात आले आणि आम्हाला त्या गाडीत कधी बसू दिलं नाही. का, हे विचारायची सोय नव्हती. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला... वाचा गेली, उजवा हात लुळा पडला.

माझी नऊ वर्षांची मुक्ता त्या गाडीसाठी हट्टाला पेटली होती. शेवटी आई-बाबांना "वाघोलीला मित्राकडे जातोय" असं ठोकून दिलं आणि दोघं निघालो. टॅक्सीने वर, उतरताना दुपारची गाडी.

मुक्ता खिडकीतून व्हिडिओ काढत होती. एका वळणाआधी आमचा डबा कचकन अडला, चाकं करकरली, गाडी थांबली. उतरून पाहिलं तर वळणापलीकडे रुळांवर भलामोठा धोंडा... आणि बाजूला दरी.

आमच्या डब्याच्या ब्रेक्समनचे आभार मानायला गेलो. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"सायेब, शिट्टी झालीच न्हाई. मी चाकाला हात बी लावला नव्हता. आपोआप आवळलं."

घाबरलाय बिचारा, असं म्हणून मी सोडून दिलं. धोंडा हलवायला पाऊण तास गेला.

विश्रांतवाडीला घरी पोचलो. दारातच आई म्हणाली, "फोन कशाला बाळगतोस, लागत तर नाही. अरे, यांचा उजवा हात हलला आज."

माझे डोळेच भरून आले. "कसा हलला?"

"गोल फिरवत होते, जातं ओढल्यासारखा. मग मूठ जी आवळली, ती पाऊण तास सोडेनात. घामाघूम झाले होते."

फिजिओथेरपिस्टने बारीकशी हालचालही वेळेसकट लिहायला सांगितली होती. आईच्या वहीत होतं — ४.१० हात फिरवू लागले, ४.१२ मूठ आवळली. मुक्ताने काढलेला व्हिडिओ उघडून त्यावरची वेळ पाहिली. डबा अडला तेव्हा ४.१२. घरातलं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं. बरोबर होतं.

बाबांजवळ बसलो. "वाघोलीला नव्हतो गेलो, बाबा." त्यांनी डाव्या हाताने मुक्ताला जवळ ओढलं आणि डोळे मिटले.

डॉक्टर म्हणतात, असे झटके येतात कधी कधी. येत असतील. पण हात त्यानंतर हललेला नाही. मी रोज कामावरून आलो की आधी ती वही उघडतो. स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही, आणि चैनही पडत नाही. सारखं वाटतं, एकट्यानेच पुन्हा त्या गाडीत बसावं, हात हलला तर हलला. पण बाबांशी आता खोटं बोलवत नाही, आणि खरं सांगितलं तर ते मला जाऊ देणार नाहीत.