मामांच्या वहीची नक्कल

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा सांगलीत माझ्या ओळखीच्यांत लॅपटॉप असलेला मी एकटाच. मुंबईच्या मित्रानं वापरून सोडलेला, उचलून चार पावलं चाललं की हात भरून यायचा, पण मिरवायला पुरेसा होता. आणि त्याला मी जपायचो तरी किती. पासवर्ड घातला होता. जुन्या गोधडीची पिशवी शिवून घेतली होती. कॉलेजात शिकवायला जाताना तो गव्हाच्या कोठीत लपवायचो. "पोरांना एवढं जपलं नाहीत कधी," बायको म्हणायची.

त्यात माझ्या मामांची वही होती. मामा पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, साताऱ्याजवळ आमच्या आजोळी राहायचे. पासष्टच्या लढाईतून त्यांच्याबरोबरचे जे अकरा जण परतले नाहीत, त्यांच्याबद्दल त्यांनी दोनशे पानी वहीत लिहून ठेवलं होतं. प्रत्येकाचं नाव, कुणाला काय खायला आवडायचं, कोण कुणाची पत्रं लिहून द्यायचा. सुट्टीत तिथं राहून मी ते सगळं टाइप केलं. शेवटचं पान झालं तेव्हा फुशारकीनं म्हणालो, "मामा, आता वहीला वाळवी लागली तरी काळजी नाही. सगळं यात आलं." फ्लॉपीवर एक प्रतही काढली, एवढी अक्कल होती. मात्र ती फ्लॉपी लॅपटॉपच्याच पिशवीत, पुढच्या कप्प्यात ठेवली. एका जागी असलं की शोधाशोध नको, असा माझा हिशेब.

पुढच्या खेपेला त्यांचं लिखाण पडद्यावर दाखवायला लॅपटॉप घेऊन गेलो. पाहून झाल्यावर ताडून बघायला वही मागितली, तर त्यांनी ती बंबात घातली होती. पलटणीत नवी नक्कल झाली की जुना कागद जाळायचा, ती सवय. "दोन नकला ठिवायच्या न्हाईत. घोटाळा हुतो," मामा म्हणाले. मला हसू आलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, माझ्या यंत्रावर त्यांचा एवढा विश्वास म्हणून.

दुसऱ्याच दिवशी सातारा स्टँडवर सांगलीची गाडी लागली आणि झुंबड उडाली. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, हाताला येईल ते टाकून जागा धरायची, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. माझ्या एका हातात मामींनी दिलेलं शेंगांचं गाठोडं, दुसऱ्यात लॅपटॉप. गाठोडं सुटलं तर शेंगा सांडतील म्हणून मी लॅपटॉपची पिशवी आत दिली. आत बसलेल्या गृहस्थांना म्हणालो, "तेवढी सीटवर ठेवा." धक्के खात आत पोचलो, तर सीटवर दुसराच कुणीतरी बसलेला आणि पिशवी कुठंच नाही.

"आवं, पिशवी मागून घेतली त्यो तुमचाच मानूस न्हवं का?" शेजारचे ते गृहस्थ म्हणाले. "त्यानं पलीकडच्या खिडकीतनं खाली दिली की पिशवी, आन् उतरून गेला."

सगळा स्टँड पालथा घातला. चौकीत तक्रार लिहिली. शेंगा तेवढ्या शाबूत घरी आल्या.

पासवर्ड असल्यामुळे चोराला काही वाचता येणार नाही, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो, आणि दर वेळी स्वतःचीच लाज वाटत होती. मामांना सांगायला मला पाच महिने लागले. तोवर मशीन दुरुस्तीला दिलंय, अशी थाप मारत राहिलो. ज्या माणसानं माझ्या एका शब्दावर वही जाळली, त्याला मी ही थाप मारत होतो. शेवटी जाऊन खरं सांगितलं. ते रागावतील म्हणून मन घट्ट करून गेलो होतो. ते एवढंच म्हणाले, "बरं. परत लिव्हू." मी गावातल्या दुकानातून नवी वही आणून दिली.

दिवाळीत गेलो तेव्हा त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. एकेकाला एक अशी अकरा पानं. कुणाला काय आवडायचं, कोण गायचा, बरंचसं पुन्हा आलं होतं. चार पानांवर मात्र वरची नावाची जागा कोरी होती.

"वय झालं रं. तोंडं दिसत्यात, नावं येत न्हाईत," मामा म्हणाले आणि पेन माझ्या हातात दिलं. "तू टाइप केलंस न्हवं समदं? तुला याद असतील. घाल."

त्या नावांचं एकेक अक्षर बघून मी टाइप केलं होतं. मला एकही आठवलं नाही. मी पेन धरून बसून राहिलो, आणि मामा वहीवर नजर लावून थांबले होते.