अस्तरातली फट

आमच्या वहिनी पुरुषांचे कोट शिवतात. दुकानात एक मशीन, एक जड इस्त्री, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे आणि एकच स्टूल. त्यावर दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बसतो. तो बटणं लावतो आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो.

गेल्या वर्षी वहिनींच्या पोटात उजवीकडे कळा येऊ लागल्या. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सांगितलं आणि वहिनींनी कानांवर हात ठेवले. त्यांच्या आईचं हेच ऑपरेशन वीतभर चीर देऊन झालं होतं. जखम चिघळली आणि आई पुन्हा मशीनवर बसली नाही. वहिनींना मरणाची भीती नव्हती, मशीन सुटण्याची होती.

कळा असह्य झाल्या तेव्हा आम्ही त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं.

"आता चार बारीक भोकं पुरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून अवजारं. गॅसनं पोट फुगवायचं, पडद्यावर बघत पित्ताची पिशवी सोडवायची आणि बेंबीपाशी बाहेर काढायची."

"एवढ्याशा भोकातून?" दादा म्हणाला.

"अहो, अख्खा कोट निघतो की," वहिनी म्हणाल्या.

कोट अस्तरासकट उलटा शिवतात आणि बाहीच्या अस्तरात ठेवलेल्या फटीतून सगळा सुलटा ओढून काढतात. फट शिवली की कुणाला दिसत नाही.

"पण आत फार चिकटलेलं असलं किंवा रक्त आवरलं नाही, तर मोठी चीर द्यावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यालाही तुमचा होकार हवा."

वहिनींनी पदराचं टोक चिमटीत धरलं.

"आत गुंता झाला तर मीसुद्धा फटीतून ओढत नाही," त्या म्हणाल्या. "कापड फाटतं. मग मी शिवणच उसवते. तुम्हीही उसवा."

आईची आठवण उराशी असताना हे बोलायला छाती लागते.

उसवावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी वहिनी घरी आल्या. पोटावर चार छोट्या पट्ट्या, आणि दुखत होता खांदा. तो पोटात भरलेल्या गॅसचा प्रताप.

"मापच चुकलं वाटतं," दादा म्हणाला. त्याच्याकडे उशी भिरकावली गेली.

पट्ट्या एवढ्याशा, म्हणून वहिनी चार दिवसांत दुकानात गेल्या आणि सवयीनं तागा उचलला. बेंबीपाशी अशी कळ आली की त्या मटकन खाली बसल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. टाके शाबूत होते.

"थोडक्यात वाचलात. बाहेरून दिसत नाही, पण आतली शिवण ताजी आहे. ती सुटली तर पुन्हा कापावं लागेल. जड उचलायचं नाही."

वाटेत दादा म्हणाला, "इस्त्रीनं कडक बकरम चिकटवल्यावर कॉलर गार होईपर्यंत हात लावू देत नाहीस, आणि स्वतः?"



मग तागे दादानं उचलले, आणि वहिनी त्याच्या स्टुलावर बसून बटणं लावू लागल्या. गप्पाही त्यांना बऱ्यापैकी जमल्या. महिना उलटल्यावर डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. त्या सकाळी वहिनी मशीनवर बसल्या, पायडल दाबलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "घ्या तुमचं स्टूल."